कपाएवढं वळण

दादाने लग्नाचं ठरवून वहिनीला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा ती सगळ्यांशी मोकळेपणाने बोलली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि धाकटीशेजारी बसताच तिच्या गळ्यातल्या स्कार्फचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"हा धुतलास की आटणार," ती म्हणाली.

धाकटीने नाक मुरडलं. ओळख ना पाळख आणि लागली शिकवायला! पुढे तो स्कार्फ धुतला गेला आणि बाहुलीच्या गळ्यात शोभेल एवढा होऊन दोरीवर लटकला, तेव्हा दादा पोट धरधरून हसला. वहिनीबद्दल धाकटीच्या मनात एक बारीकशी अढी बसली ती तेव्हापासून. अढी म्हणजे भांडण नव्हे. पण वहिनीचं मोठ्याने हसणं, येईल त्याच्या बाहीचं कापड चाचपून बघणं, मशीनशी माणसासारखं बोलणं, यातलं काही ना काही धाकटीला रोज खटकायचंच.

धाकटी म्हणजे दादाची एकुलती एक बहीण. वय चाळिशीकडे झुकलं तरी घरात सगळ्यांची 'धाकटी'च. ती एका संशोधन संस्थेत चुंबकं बनवायची. फ्रिजच्या दारावर चिकटवायची नव्हेत. ट्रकवर चढवायला क्रेन लागावी अशी. वहिनीने शिक्षण घेतलं होतं कापडाच्या अभियांत्रिकीचं. आधी गिर्यारोहकांचे दोर आणि शस्त्रक्रियेचे धागे बनवणाऱ्या कारखान्यात ती होती, आणि मग गावाबाहेरच्या रस्त्याला दोन शेड घेऊन तिने स्वतःचा दोर वळायचा कारखाना काढला. एकीच्या कामाचा दुसरीशी काडीचा संबंध नव्हता. निदान धाकटीला तसं वाटायचं.

त्या वर्षी धाकटीच्या हाती तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं होतं. एका इस्पितळासाठी एक यंत्र बनत होतं. शरीरातल्या गाठीवर बाहेरून कणांचा झोत सोडायचा आणि आसपासच्या अवयवांना धक्का न लावता नेमकी गाठच जाळायची, असं ते यंत्र. रुग्ण एका जागी निजलेला, आणि झोत सोडणारा लांबलचक हात त्याच्याभोवती फिरणारा. झोत वळवायला त्या हातात चुंबक हवं. नेहमीचं चुंबक घालावं तर हाताचं वजन घराएवढं होतं. म्हणून धाकटीने अतिसंवाहकाचं चुंबक आखलं. अतिसंवाहक म्हणजे असा पदार्थ, की तो पुरेसा गार केला की त्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. तार तापत नाही, विजेचा कणही वाया जात नाही. त्यामुळे बोटाएवढ्या केबलमधून एका अख्ख्या कारखान्याला लागेल इतका प्रवाह नेता येतो आणि चुंबक लहान, हलकं होतं.

कागदावर सगळं झकास होतं. एका वाकड्या नळीवर चर कोरायचे आणि त्या चरांत केबल बसवत जायची. पण नळीच्या दोन्ही टोकांना चर गर्रकन वळत होते, आणि ते वळण होतं चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. बाजारात मिळणारी केबल बादलीच्या तोंडाएवढ्या वळणापर्यंत कशीबशी साथ द्यायची. त्याहून घट्ट वाकवली की तिच्यातलं अतिसंवाहकपण संपलंच.

असल्याच एका वैतागलेल्या संध्याकाळी धाकटी दादाकडे जेवायला गेली आणि तिने पर्समधून त्या केबलच्या आतली वीतभर फीत काढून टेबलावर टाकली. भेटवस्तूच्या खोक्याला बांधतात तसली, चकचकीत, तांबूस, बुटाच्या नाडीहून अरुंद.

"या बयेने माझ्या नाकी नऊ आणलेत," ती म्हणाली.

आईने ती फीत चष्मा लावून पाहिली आणि "छान आहे की," म्हणून परत ठेवली. दादाने त्या फितीने दात कोरायचं नाटक केलं. वहिनीने मात्र हात पुसले, फीत उचलली आणि डोळे मिटून दोन बोटांतून अगदी हळू ओढली.

"हिला कुठल्या बाजूने दुखतं?" तिने विचारलं.

धाकटी चमकली. संस्थेत इतकी हुशार माणसं होती, पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कोणी विचारला नव्हता. ती सांगू लागली. आत पोलादासारख्या चिवट धातूची पातळ पट्टी. तिच्या एका अंगाला अतिसंवाहकाचा थर, केसाच्या जाडीहून कितीतरी पट पातळ. आणि वरून तांब्याचा मुलामा. तो अतिसंवाहक थर म्हणजे कपबशीच्या झिलईसारखा: ताणला की तडकतो. दाबला तर मात्र बराच सोसतो.

"म्हणजे झिलई आतल्या बाजूला ठेवून वाकवली तर चालते," वहिनी म्हणाली. तिने आईच्या विणकामातली एक सुई उपसली आणि फीत तिच्याभोवती तिरकी गुंडाळत नेली, मळसूत्रासारखी. मग सुई अलगद काढून घेतली. हातात फितीची एक पोकळ, डुलणारी गुंडाळी राहिली. वहिनीने ती कपाच्या काठाभोवती वाकवली. कुठे चीर नाही, कुठे घडी नाही.

"फीत वाकतच नाहीये बघ," ती म्हणाली. "सरकतेय. दोर वाकतो तो असाच. त्यातला एकेक धागा सरकतो, म्हणून दोर वाकतो. तुमच्या केबलवाल्यांनी या बिचाऱ्यांना सरकायला जागाच ठेवली नसणार."

जेवण थंड झालं. दादाने दोघींची ताटं झाकून ठेवली आणि आईला म्हणाला, "चल, आपण दोघं तरी जेवून घेऊ. या दोघी आता उठत नाहीत."

*

अशी ती केबल वहिनीच्या शेडमध्ये बनायला लागली.

तिथलं मशीन मुळात पडद्यांच्या दोऱ्या वळायचं. मधून एक गाभा पुढे सरकतो, आणि त्याच्याभोवती रिळं बसवलेली एक मोठी चकती फिरत राहते. रिळांवरचे धागे गाभ्यावर गुंडाळले जातात. वहिनीने आणि मिस्त्रीने ते पार उघडून पुन्हा बसवलं. मिस्त्री म्हणजे तिच्याकडे कारखाना निघाल्यापासून असलेला माणूस. वहिनी जितकी बोलकी तितका हा मुका. दिवसातून त्याची वाक्यं हाताच्या बोटांवर मोजता यावीत, आणि त्यातली निम्मी मशीनला घातलेल्या शिव्या. त्याने प्रत्येक रिळाला इतका मऊ ब्रेक बसवला, की फुंकर मारली तरी रीळ हलावं, पण सुटू नये.

गाभा होता मऊ केलेल्या तांब्याच्या तारेचा, पेन्सिलीतल्या शिशाहून थोडा जाड. त्याच्यावर दोन फितींचा पहिला थर, झिलई आत. त्यावर दुसरा थर, उलट्या दिशेने. त्यावर तिसरा, पुन्हा उलट. थर वाढत जातील तशा फिती वाढत जायच्या. आणि प्रत्येक थरातल्या दोन फितींच्या मध्ये बारीकशी फट. ही फट वहिनीच्या जिवाची. फट जास्त झाली तर वरच्या थराची फीत तिच्यात रुतते. कमी झाली तर वाकताना एकीची कड दुसरीवर चढते.

"लोकलाजेस्तव अंतर ठेवून उभी राहिलेली नवी जोडपी बघितलीस?" ती धाकटीला सांगायची. "तेवढं अंतर. फार लांब नाही, अंगाला अंग नाही."

पहिली केबल हातभर लांबीची निघाली. धाकटीने ती संस्थेत नेली, दोन्ही टोकांना तांब्याच्या टोप्या घालून कथलाचा डाग दिला, द्रवरूप नायट्रोजनच्या धुरकट टबात बुडवली आणि प्रवाह सोडला. सरळ असताना केबल उत्तम चालली. मग बाहेर काढून कपाएवढी वाकवली, पुन्हा बुडवली, पुन्हा प्रवाह सोडला. अपेक्षेच्या अर्ध्यावरच अडथळा दाखवणारा मीटरचा काटा उसळला. निम्म्या फिती गेल्या होत्या.

वहिनीला हे कळवताना धाकटीचा आवाज पडला होता. पलीकडून वहिनी म्हणाली, "अगं, सुंदर! आता कळेल तरी काय दुखतं ते. परत पाठव, टाकू नकोस."

तिने फटी वाढवल्या, पीळ बदलला, गाभा आणखी बारीक घेतला. दुसरी केबल आली. तीही सरळ असताना घोड्यासारखी पळाली आणि वाकवल्यावर मान टाकून बसली. फरक इतकाच, की निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा गेला.

इकडे संस्थेत सरांचा धीर सुटत चालला. सर म्हणजे धाकटीचे विभागप्रमुख. मनाने चांगले, पण काळजीने सदा कपाळाला आठ्या. इस्पितळातल्या खोलीचं बांधकाम सुरू झालं होतं. वळण मोठं करायचं तर चुंबक मोठं, चुंबक मोठं तर फिरता हात मोठा, आणि तो त्या खोलीत मावणार नव्हता. मग अतिसंवाहकाचा नाद सोडून जुन्या पद्धतीचं यंत्र मागवायचं, जे फिरणारच नाही. झोत एकाच दिशेने येणार, आणि ज्यांची गाठ आडोशाला आहे त्यांना त्याचा उपयोग नाही.

"आणखी एकदा," सर म्हणाले. "त्यानंतर मला निर्णय घ्यावा लागेल."

धाकटी त्या दिवशी जेवायला गेली ती फणकाऱ्यातच. वहिनी उत्साहात होती. दुसऱ्या केबलचं काय काय केलं, हे ती हातवारे करून आईला सांगत होती, आणि सांगता सांगता म्हणाली, "पडद्याच्या दोरीलासुद्धा पहिल्यांदा असंच..."

"हा पडदा नाहीये वहिनी!" धाकटी फाडकन बोलली. "पडद्याची दोरी तुटली तर पडदा खाली येतो. इथे माणसं वाट बघतायत. तुला सगळ्याची गंमतच वाटते."

आई म्हणाली, "जीभ आवर गं जरा." दादा नेहमी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेणारा, पण तोही बटाटे वाढून घेत राहिला. वहिनीने फक्त मान हलवली, ताट उचललं आणि आत गेली. तिचं न बोलणं धाकटीने पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते तिला घरी पोचेपर्यंत ऐकू येत राहिलं.

*

फोनवर माफी मागण्यात अर्थ नव्हता. धाकटी थेट शेडवर गेली.

मशीन बंद होतं. मधल्या लांब टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं आणि वहिनी त्यावर वाकून उभी होती. दोन्ही फसलेल्या केबलांच्या सगळ्या फिती तिने एकेक करून उलगडल्या होत्या. ज्या थरातून जी निघाली त्या क्रमाने त्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या. इतक्या नीट, की प्रत्येक फितीचा केबलमधला जुना पीळही तसाच राखलेला. कुठे कुठे लाल धाग्याचे तुकडे बांधले होते.

"ये," वहिनीने वर न बघता हाक मारली. "बरी आलीस. इकडे बघ, मला काय दिसतंय ते तुला दिसतं का सांग."

धाकटी टेबलाशी गेली.

"लाल धागा म्हणजे तडा," मिस्त्री म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं हे बहुधा पहिलंच वाक्य असावं.

धाकटीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. केबल जिथे कपाएवढी वाकली होती त्या मधल्या भागात एकही लाल धागा नव्हता. सगळे धागे दोन्ही टोकांकडे गर्दी करून होते, तांब्याच्या टोपीच्या अगदी जवळ.

"वळणात काहीच झालेलं नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही ना? मलाही तेच कोडं पडलंय. ज्या जागी मार बसला तिथे वळ नाही आणि भलतीकडेच सूज. सकाळपासून डोकं फुटायची वेळ आलीय."

धाकटी वाकली. एका फितीचं टोक तिने भिंगाखाली धरलं. फीत टोपीपाशी दुमडली होती, पुढून कोणी ढकलत यावं आणि समोर भिंत लागावी तशी. वहिनीचेच शब्द तिला आठवले: फीत वाकत नाही, सरकते. सरकत सरकत टोकाकडे आली आणि टोक बंद.

"टोकं मी डाग देऊन पक्की केली होती," ती म्हणाली. "वाकवण्याच्या आधी."

वहिनीने वर पाहिलं.

"आधी सरळ तपासायची म्हणून. सरळ किती, वाकवून किती, असा फरक दाखवायला. पद्धतच आहे आमची. दोन्ही टोकं बांधून ठेवली आणि मग वाकवली, वहिनी. जाणार कुठे त्या?" धाकटी स्टुलावर बसली. "तुझी केबल चांगलीच होती. मी तिला कोंडलं."

वहिनीने कपाळावर हात मारला, आणि मग ते तिचं गडगडाटी हसू सगळ्या शेडभर घुमलं. "आणि मी! आयुष्य गेलं माझं दोर वळण्यात. टोकाला गाठ मारून मग दोर गुंडाळला तर फुगा येतो, हे मला पहिल्या वर्षी कळलं होतं. तू केबल नेलीस, आणलीस, मी एकदाही विचारलं नाही टोकं कधी बांधतेस म्हणून. बरोबरीत सुटलो आपण."

"वहिनी, परवाचं ते..."

"पडद्याचं? ते बोललीस ते खरंच होतं. पण पडद्याच्या दोरीला नावं नको ठेवूस हां. पहिल्यांदा शेडचं छप्पर घातलं ते तिच्याच जिवावर." आणि मग आवाज थोडा उतरवून, "मला गंमत वाटते, कारण घाबरून माझे हात चालत नाहीत. एवढंच आहे ते."

धाकटीच्या मनातली इतक्या वर्षांची अढी त्या वाक्यासरशी सुटली. तिने भिंग वहिनीच्या हातात दिलं आणि दोघी पुन्हा टेबलावर वाकल्या.

हातभर केबल पुन्हा वळली गेली. या वेळी ती आधी वाकवली, वाकवलेली तशीच पट्टीवर बांधली आणि टोकं सगळ्यात शेवटी. टबात बुडवून प्रवाह चढवला. काटा जागचा हलेना. हलला तो जवळजवळ सगळ्या फिती जितकं वाहू शकतात तिथे जाऊन. धाकटीने खात्री करायला तीनदा चढवून बघितला.

*

पण खरी परीक्षा पुढेच होती. चुंबकाला लागणारी लांब केबल वळायला उरली होती तेवढी सगळी फीत लागणार होती. आणि ती केबल आधी तपासता येणार नव्हती. टोकं बांधल्याशिवाय तपासणी नाही, आणि टोकं बांधली की वाकवता येणार नाही. म्हणजे चरात बसवून झाल्यावरच कळणार, जमली की फसली.

सरांनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. "न तपासता बसवायची? एका लहान तुकड्याच्या भरवशावर?"

"तुकड्याच्या नाही, सर. केबल वळणारीच्या भरवशावर."

"ती तुमची वहिनी आहे म्हणून बोलताय?"

"वहिनी असूनही बोलतेय," धाकटी म्हणाली. "आमचं किती पटतं ते तुम्ही माझ्या तोंडून कितीदा ऐकलंय. तिच्या जेवणाला मी नावं ठेवीन, हसण्याला ठेवीन. पण तिने हातातून जाऊ दिलेल्या केबलमध्ये खोट निघाली तर माझं नाव चुंबकावरून खोडा."

सरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "वळताना मलाही बघायचंय."

त्यामुळे त्या सकाळी शेडमध्ये सरही होते, हात मागे बांधून, कशाला धक्का लागू नये म्हणून एका खांबाला चिकटून उभे. वहिनीने आत येताच सवयीने त्यांच्या कोटाची बाही चाचपली, "कोपर लवकरच जाणार," असं सांगितलं, आणि मग मात्र तोंड मिटलं. चकती फिरू लागली.

धाकटीने वहिनीला काम करताना पूर्वी कधी नीट पाहिलंच नव्हतं. एरवी वाऱ्यासारखी भिरभिरणारी ती बाई मशीनपाशी अशी स्थिर उभी राहिली, की फक्त बोटं जिवंत असावीत. डावा अंगठा नुकत्याच वळलेल्या केबलवर; दाबून नव्हे, नाडी बघावी तसा. उजवा हात रिळांच्या अंगाने हवेत तरंगता. एखाद्या रिळाचा आवाज किंचित चढला की ब्रेकला एका नखाचा स्पर्श, आणि आवाज जागेवर. फिती एकापाठोपाठ एक गाभ्यावर उतरत होत्या, इतक्या समसमान, की केबल वळली जाते आहे असं वाटेना. ती आतूनच कुठूनतरी उगवून बाहेर येते आहे असं वाटे. थर चढत होते. तांबूस उजेड केबलवरून पाण्यासारखा ओघळत पुढे जात होता. मिस्त्री दुसऱ्या टोकाला ती मोठ्या रुंद रिळावर घेत होता, तान्ह्या मुलाला टॉवेलात घ्यावं तशी.

पाचव्या थराच्या मध्यावर वहिनीने हात वर केला. मिस्त्रीने तत्क्षणी मशीन थांबवलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं. कोणालाच काही दिसलं नव्हतं.

"माहीत नाही अजून," वहिनी म्हणाली. "अंगठ्याला काहीतरी बोललं."

तिने मशीन उलटं फिरवायला लावलं. हळूहळू, एकेक वळसा मागे. हातभर उलगडून झाल्यावर तिने भिंग घेतलं. एका फितीची कड, तिळाएवढ्या लांबीत, किंचित वर उचललेली होती. कारखान्यातूनच तशी आली असावी. तिने ती फीत तिथे कापली, त्याच रिळावरच्या पुढच्या चांगल्या भागाशी लांब सांधा घातला, तो भिंगाखाली घासून पुसून सपाट केला. मिस्त्रीने तिच्या कपाळावरचा घाम पुसायला रुमाल पुढे केला. मग ती पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली आणि तिने मान हलवली. चकती फिरू लागली.

सर खांबापासून कधी पुढे आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. ते वाकून, श्वास धरून केबलकडे बघत होते. "मी तीस वर्षं चुंबकं बनवतोय," ते धाकटीच्या कानात पुटपुटले, "आणि केबल म्हणजे मला फक्त खोक्यातून येणारी वस्तू वाटायची."

केबल संस्थेत गेली. नळीवर चर आधीच कोरून तयार होते. धाकटीच्या हाताखालची माणसं होती, पण ती म्हणाली, "पहिला फेरा आम्ही दोघी घालू." वहिनी रीळ सोडत होती आणि धाकटी हातमोजे घालून केबल चरात बसवत होती. सरळ भाग झरझर गेला. मग ते पहिलं वळण आलं, कपाएवढं. धाकटीचे हात थबकले.

"ढकलू नकोस," मागून वहिनी म्हणाली. "तिची ती जाईल. तू फक्त वाट दाखव."

धाकटीने बोटांची पकड सैल केली. हाताखाली तिला जाणवलं: आतल्या सगळ्या फिती एकाच वेळी, केसभर, एकमेकींवरून सरकल्या, झोपेत कोणी कूस बदलावी तशा, आणि केबल चरात विसावली. तिने वळून वहिनीकडे पाहिलं. वहिनीने डोळे मिचकावले, "कळलं ना?"

सगळे फेरे घालून झाले. टोकं बांधली गेली, सगळ्यात शेवटी. वेटोळं मोठ्या टाकीत उतरवलं, द्रवरूप नायट्रोजन सोडला, आणि पांढरा धूर जमिनीवरून लोळत सगळ्यांच्या पायांत आला. प्रवाह चढू लागला. अपेक्षित आकडा आला, पडद्यावरची रेघ सपाट. प्रवाह आणखी चढवला. रेघ सपाटच. अगदी कड्यावर पोचल्यावर ती रेघ हळूच, अदबीने वर उठली, आणि धाकटीने प्रवाह उतरवला. हिशेब एका दृष्टिक्षेपात झाला. इतक्या वळणांतून जाऊनही केबलने आपल्या क्षमतेतले शंभरातले जेमतेम तीन भाग गमावले होते.

सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळी खोलीच वाजवू लागली. वहिनी एरवी असल्या वेळी सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी; पण ती टाकीच्या काठाशी उभी राहून धुरात बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मिस्त्री तिच्याजवळ गेला. "जमलं, वहिनी," म्हणाला. त्या क्षणापासून संस्थेतही सगळे तिला वहिनीच म्हणू लागले, सरसुद्धा.

*

इस्पितळाच्या खोलीचं छप्पर ठरल्या उंचीवरच चढलं. चुंबकाचं दुसरं वेटोळं झालं, तिसरं झालं. दुसऱ्या देशांतली चुंबकवाली माणसं शेड बघायला येऊ लागली. ती यायची मोठाल्या शंका घेऊन आणि जायची आपापल्या कपड्यांबद्दलचे सल्ले घेऊन. कोणी विचारलं की या केबलचं रहस्य काय, तर वहिनी सगळं उघड सांगून टाकायची: फट, पीळ, ब्रेक, टोकं शेवटी. धाकटीने एकदा काळजीने विचारलं, "सगळंच सांगतेस?" तर म्हणाली, "सांगायला काय जातं? वळून दाखवू देत."

ते धाकटीच्या मनात राहिलं. एका सुटीच्या दुपारी ती शेडवर गेली आणि म्हणाली, "मला वळायचीय. उरल्यासुरल्या फितींची, हातभर. तू हात लावायचा नाहीस."

वहिनीने एप्रन दिला आणि खुर्ची ओढून पाठमोरी बसली. धाकटी दुपारभर झगडली. रिळं तिच्याशी बोलत होती, पण तिला भाषा येत नव्हती. एक आवाज उतरवावा तर दुसरा चढायचा. अंगठा केबलवर ठेवला की तिला फक्त धातू लागायचा. शेवटी घामाघूम होऊन तिने हातभर केबल कापली आणि वहिनीपुढे धरली.

वहिनीने डोळे मिटून ती अंगठ्याखालून नेली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पहिल्या दोन थरांना नावं ठेवायला जागा नाही," ती म्हणाली. "तिसऱ्यात तुझा स्वभाव उतरलाय."

"म्हणजे?"

"फार आवळलंस."

धाकटी आधी रुसली, मग खुदकन हसली. तिने केबल परत घेतली, तिसरा थर उलगडून काढला, आणि ब्रेकचा स्क्रू पाव फेरा सैल करून पुन्हा मशीनपाशी जाऊन उभी राहिली.